सहा खिसे

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं कपडे घ्यायला बाहेर पडलो, मी, बायको आणि अकरावीतला पोरगा. साताऱ्याच्या राजपथावर मुंगीला वाट नव्हती. मोती चौकाच्या अलीकडं एका रेडिमेडच्या दुकानात शिरलो तर आत एसी असून घाम, नव्या कापडाचा तो खळीचा वास, हँगरची खटखट आणि काउंटरवर शर्टांचा ढीग. मी पोराला एक निळा शर्ट दाखवत होतो आणि त्याचं लक्ष नव्हतं कारण त्याला शर्ट नकोच होता, त्याला तो ढगळ टी-शर्ट पाहिजे होता, ज्याचा खांदा पार दंडापर्यंत खाली उतरतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, वन्संनी पाठवलेला फोटो दाखवा की." मी खिशात हात घातला. मोबाईल नाही. दुसरा खिसा चाचपला, नाही. शर्टाचा वरचा, तिथंही नाही.

आणि माझी मान डावीकडं वळली.

तिकडं दोन पोरं उभी होती, एकमेकांच्या ओळखीची नसावीत. दोघांच्या अंगावर जवळपास तेच, काळा ओव्हरसाईज टी-शर्ट, पाठीवर मोठी इंग्रजी अक्षरं, खाली मेंदी रंगाची सहा खिशांची कार्गो. एकाच्या बोटात चारचाकीची किल्ली फिरत होती आणि पायात पांढरे शूज. दुसऱ्याचा चेहरा उन्हानं रापलेला, पुढच्या केसांना घरीच मारलेला तांबडा कलर, पायात रबरी स्लीपर. हे सगळं मी नंतर आठवून लिहितोय. तेव्हा मी असं काही तपासलं नाही, विचारही केला नाही, तोंडातून एक शब्द काढला नाही. नुसती मान वळली आणि डोळे थेट स्लीपरवाल्यावर जाऊन थांबले. किल्लीवाला मध्ये उभा होता, म्हणजे नजर त्याला ओलांडून गेली.

त्या पोरानं ते बघितलं. चिडला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. त्यानं हातातला शर्ट काउंटरवर ठेवला, साय रंगाचा, साधा, कॉलरचा शर्ट होता, आणि कुणी न सांगता एकेक खिसा उलटा करायला लागला. आधी बाजूचे दोन. मग मागचे दोन, त्यासाठी तो थोडा वळला. मग मांडीवरचे दोन, त्यांना चिकटपट्टी असते ना, ती उचकटताना चर्रर्र असा आवाज आला आणि एवढ्या गोंगाटात तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. एक कंगवा. एसटीचा पास. पन्नासची चौघडी नोट. इअरफोनची गुंडाळलेली वायर. आणि गोळ्यांची एक रिकामी स्ट्रिप, मेडिकलवाल्याला दाखवून तसलीच आणायची म्हणून लोक ठेवतात तशी. सगळं हातावर घेऊन त्यानं माझ्यापुढं धरलं. पांढरे खिसे बाहेर लोंबत होते. मग सगळं आत कोंबलं आणि गेला.

मोबाईल शर्टांच्या ढिगाखाली होता. मीच ठेवलेला. सेल्समनच्या पोरानं ढीग उचलला तेव्हा निघाला, तोवर तो पोरगा दारातून बाहेर पडून गर्दीत मिसळलाही होता. मी दारापर्यंत गेलो, पायरीवर उभा राहिलो, खालच्या गर्दीत प्रत्येक तिसऱ्या पोराच्या अंगावर काळा टी-शर्ट. परत आत आलो तर त्यानं ठेवलेला साय रंगाचा शर्ट सेल्समननं हँगरला लावून पुन्हा रॅकवर टांगला होता.

घरी येताना पोरगा गाडीवर मागं बसून म्हणाला, "पप्पा, एवढं काय मनाला लावून घेताय, छपरीच होता तो." माझी समजूत काढायलाच म्हणाला बिचारा, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी म्हणालो, तुझ्याही अंगावर तसलीच कार्गो आहे की. तर म्हणाला, "पप्पा, मी घातली की वेगळं असतं."

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

छपरी हा शब्द आमच्या वेळी नव्हता. आमच्या वेळी टपोरी होता, त्याच्या आधी मवाली, आण्णांच्या वेळी उंडगा. आताची पोरं दिवसातून वीसदा छपरी म्हणतात, रील्सच्या खाली तर तेवढंच लिहिलेलं असतं, केसाला कलर मारला की छपरी, गॉगल लावून बाईकवर फोटो काढला की छपरी. शब्दाच्या पोटात छप्पर आहे हे सरळ दिसतंय. पक्क्या स्लॅबखाली राहणाऱ्यानं छपराखाली राहणाऱ्याला मारलेली हाक आहे ती. आणि या शिवीचा संबंध छप्परबंद जमातीशीही जोडला जातो, छपरं शाकारत गावोगाव फिरणारी माणसं, आपल्याकडच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. विमुक्त का, तर इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवून टाकल्या, म्हणजे पोर जन्माला आलं की ते चोर, त्यानं काही करायची गरजच नाही. पुढं हजेऱ्या, पास, गाव सोडायचं तर परवानगी. हे सगळं स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं चाललं, ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका झाली. शाळेत असताना मी हे कधीतरी वाचलेलं, मार्कांपुरतं. त्या रात्री झोप लागेना तेव्हा ते सगळं वर आलं. कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली आणि माझी मान अजून त्या कायद्यानंच वळतीय असं वाटलं, आणि माझ्या पोराच्या तोंडात तो शब्द लाडाचा असल्यासारखा बसलाय. दुसऱ्या दिवशी मी त्याला बसवून हे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. गप्प बसला, मग म्हणाला, "सगळेच म्हणतात की पप्पा." हे पण खरंच.

मी शिंप्याच्या घरातला आहे, आणि म्हणून मला हे जास्त लागलं असावं. आण्णा, म्हणजे माझे वडील, ७२ च्या दुष्काळात खटाव तालुक्यातनं साताऱ्यात आले, पाठीवर मशीनचं मुंडकं आणि हातात कात्री. शनिवार पेठेत दहा बाय आठचा गाळा भाड्यानं घेतला आणि त्यात चाळीस वर्षं काढली. माझं लहानपण त्या गाळ्यात चिंध्यांच्या ढिगावर गेलं. खडूची पूड, तेलाचा वास, पायडलचा एका लयीतला आवाज, कोळशाच्या इस्त्रीची धग, ओल्या फडक्यावर इस्त्री टेकली की उठणारी वाफ. मापाचं लाल पुस्तक असायचं, त्यात अख्ख्या पेठेची कंबर आणि छाती लिहिलेली. आण्णा म्हणायचे, टेप लावताना माणसाच्या तोंडाकडं बघायचं नाही, लाजतो माणूस. कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा एक खांदा पाटी उचलून उचलून खाली गेलाय, हे शिंप्याला कळतं आणि त्यानं ते कापडात झाकायचं असतं, गावभर सांगायचं नसतं.

आण्णांनी जी पहिली फॅशन शिवली ती बेलबॉटम. २४ इंचाचा बॉटम, चालताना रस्ता झाडत जायचा. पोरं संध्याकाळी गुपचूप येऊन माप देऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील येऊन उभे, "आण्णा, असली पॅन्ट शिवून दिली तर याद राखा, पोरगं वाया चाललंय." आण्णा शिवून द्यायचेच. पाच-सात वर्षांनी तीच पोरं तीच पॅन्ट घेऊन यायची, बॉटम आत घ्या म्हणून, आता लग्न ठरलंय. मग ९२-९३ च्या सुमाराला बॅगी आल्या, चार चार प्लेटच्या, मग लो वेस्ट, मग नॅरो आली ती इतकी की पाय आत घालायला प्लॅस्टिकची पिशवी पायाला गुंडाळावी लागायची, आणि आता परत ढगळ. प्रत्येक वेळी ज्यांनी आधीची फॅशन करून बापाच्या शिव्या खाल्ल्या होत्या तेच पुढच्या पोरांना शिव्या द्यायला तयार. चाळीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून आण्णांनी हे बघितलं.

माझी स्वतःची एक बॅगी होती. करडी, आण्णांनीच शिवलेली, बारावीत असताना. एका सरांनी वर्गात उभं करून सगळ्यांसमोर विचारलं, "तंबू कुठं ठोकायचाय?" शंभर पोरं हसली. त्यात एक मुलगी होती जिनं हसू नये असं मला फार वाटत होतं, ती पण हसली. घरी येऊन मी पॅन्ट काढून आण्णांच्या मशीनवर टाकली, आत घ्या म्हणालो. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. आण्णांनी ती पॅन्ट झटकली, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली. "घाल उद्या. कापड मी कापलंय, त्येंनी न्हाई." मी घातली नाही. ती पॅन्ट ट्रंकेत तळाशी राहिली आणि पुढं तिचं काय झालं आठवत नाही, पण त्या हसण्याचा आवाज आठवतो. ज्याला तो आवाज अजून आठवतो त्याची मान अशी वळावी, हे मला सहन होत नाही.

खिशाबद्दल आण्णांचं वेगळंच होतं. पॅन्टीची परीक्षा खिशात, असं त्यांचं म्हणणं. बाहेरून शिलाई सगळेच सरळ मारतात, खिसा उलटा करून बघा, तिथं कारागीर कळतो. कोपऱ्यावर ते दोनदा उलटसुलट टाका घ्यायचे कारण ताण सगळा कोपऱ्यावर येतो. खूप नंतर मी जीन्सची गोष्ट वाचली तेव्हा त्यांना सांगितली होती. अमेरिकेतल्या रिनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, कष्टकऱ्यांच्या पॅन्टीचे खिसे फाटतात म्हणून त्यानं कोपऱ्यावर तांब्याचे रिव्हेट ठोकले, आणि ज्याच्याकडनं कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉसला बरोबर घेऊन २० मे १८७३ ला त्याचं पेटंट काढलं. आण्णांना एवढा आनंद झाला, "म्हंजे शिंप्याचंच डोकं की!" आणि डंगरी हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय, तिथल्या जाड्याभरड्या कापडावरून, हे सांगितल्यावर तर आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते. मजुराच्या अंगावरचं कापड जगभर फिरून साहेबाच्या पोराच्या अंगावर आलं, फाटकं विकत घेऊन घालतात. आणि मजुराच्या पोरानं तेच फाटकं घातलं की तो उनाड.

मांडीवरच्या खिशाचंही तसंच. हा खिसा सैन्यातला. १९३८ च्या सुमाराला ब्रिटिश सैनिकांच्या पॅन्टीला मांडीवर मोठा खिसा आला, नकाशाबिकाशा ठेवायला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या छत्रीधारी सैनिकांच्या पॅन्टीला दोन्ही बाजूंना. आमच्या जिल्ह्यात या खिशाचा मान वेगळाच आहे. अपशिंगे म्हटलं की पुढं मिलिटरी आपोआप लागतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. माझे थोरले मामा तिकडच्याच पट्ट्यातले, सुभेदार म्हणून रिटायर झाले. सुट्टीवर यायचे तेव्हा अंगात कॉम्बॅटची पॅन्ट, मांडीवरचे खिसे फुगलेले, त्यातनं आमच्यासाठी कँटीनची चॉकलेटं निघायची. मामा स्टँडवर उभे राहिले की कुणीतरी उठून जागा द्यायचंच. दुकानदार पैसे घ्यायला का कू करायचा. तेच सहा खिसे, जवळपास तोच रंग. मामांच्या मांडीवर असले की लोक उठून उभे राहतात, आणि त्या पोराच्या मांडीवर असले की मी माझे खिसे चाचपतो.

मी पतसंस्थेत कामाला आहे, बावीस वर्षं झाली. पत हा शब्द दिवसभर तोंडात असतो. दारातनं माणूस आत आला की शिपायालाही कळतं कुणाला खुर्ची द्यायची आणि कुणाला 'थांबा जरा' म्हणायचं, आणि ते कळतं कपड्यावरून. पांढरं लिनन, कडक इस्त्री, बाही दोन घड्या वर, मनगटात कडं, कपाळाला चंद्रकोर, मोबाईल कायम कानाला, तर तो कुणाचा तरी माणूस आहे, त्याला आधी चहा. शर्ट इन केलेला, खिशाला पेन, म्हणजे नोकरीवाला, पगाराची स्लिप असणार. धोतर-टोपीवाले म्हातारे आले की त्यांच्याशी आम्ही उगीच मोठ्यानं आणि सावकाश बोलतो, जणू टोपीमुळं ऐकू कमी येतं. आणि केसाला कलर मारलेलं, ढगळ टी-शर्टातलं पोरगं बाईकच्या कर्जाला आलं की आम्ही जामीनदार दोन मागतो. कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. बावीस वर्षांत मी हप्ते वसूल करायला गल्लोगल्ली फिरलोय, आणि कपड्याचा आणि हप्त्याचा संबंध मला एकदाही सापडला नाही. तरी सोमवारी परत खुर्चीवर बसलो की तेच. माझा शाळेतला एक दोस्त आहे, त्याचं गॅरेज आहे, ईदला तो फार देखणा पठाणी शिवतो दरवर्षी. मी एकदा म्हणालो, एरवी पण घालत जा की, शोभतो तुला. तो म्हणाला, "कोर्टात, बँकेत, तुमच्याकडं काम असलं की शर्ट-पॅन्ट बरी, यार." एवढंच. पुढं काही बोलला नाही आणि मी पण विचारलं नाही, कारण आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

उलट बाजूची पण एक गोष्ट आहे, आण्णा सांगतात ती. ८४-८५ साल असेल. जवळच्या एका गावच्या बौद्धवाड्यातले एक प्राथमिकचे गुरुजी सूट शिवायला आले, थ्री पीस, आणि पाहिजे १४ एप्रिलला. आण्णा म्हणाले, "गुरुजी, चैत्राचं ऊन आहे, कोटात उकडून मराल." गुरुजी शांतपणे म्हणाले, "आण्णा, माझ्या आज्याला गावात धोतर गुडघ्याखाली सोडायची मुभा नव्हती. उकडू दे." आण्णांनी त्या कोटाला चार दिवस घेतले. कॅनव्हास हातानं बसवला, अस्तर जुळवलं आणि आतल्या बाजूला पेनाचा खिसा काढला, गुरुजींनी सांगितला नव्हता तरी. आमच्या राजवाड्याजवळच्या हायस्कूलमध्येच तर भीमरावांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं, विद्यार्थी दिवस म्हणून तो दिवस आता राज्यभर पाळतात. त्या शाळेतलं पोर पुढं सूट घालून, खिशाला पेन लावून देशभरच्या चौकाचौकात उभं राहिलं. बाबासाहेबांचा कोट ज्याला कळला नाही त्याला कपडा म्हणजे काय ते कळलंच नाही असं मला वाटतं. ज्यांना धोतराची लांबीसुद्धा दुसरा ठरवून देत होता त्यांना ऊन काय अडवणार. गुरुजी सूट घालून गावात गेले तेव्हा पारावरचे काही लोक "साहेब आले" म्हणून हसले म्हणे. गुरुजींनी दरवर्षी तोच सूट घातला, अठरा-एकोणीस वर्षं, मध्ये दोनदा आण्णांनी तो ढिला करून दिला.

ढिला करता आला कारण माया होती. शिवणकामात आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. माणूस वाढेल, सुटेल, वाळेल, त्याच्या पोटच्या पोराला तोच कपडा होईल, हे धरून सोडलेली जागा. आण्णा पोरांच्या पॅन्टीला दीड दीड इंच माया ठेवायचे. आताच्या रेडिमेडमध्ये अर्धा सेंटीमीटर पण नसते, कडेला ओव्हरलॉक मारून मोकळे. माणूस जसा दुकानात उभा आहे तसाच राहील असं धरून शिवलेलं.

एक गोष्ट आजोबांची, आण्णांच्या वडिलांची, आहे ती इथंच लिहितो. ४३ साल. आमच्या जिल्ह्यात तेव्हा क्रांतिसिंहांचं प्रतिसरकार ऐन भरात होतं. आजोबा काही मोठे क्रांतिकारक वगैरे नव्हते, भाकऱ्या पोचवायचे, निरोप पोचवायचे, एवढंच. पण डोक्यावर पांढरी टोपी असायची. वाटेत पोलीस दिसले की टोपी काढून चार घड्या घालून बंडीच्या चोरखिशात टाकायची आणि पुढं गेलं की परत डोक्यावर. तो चोरखिसा त्यांनी स्वतः शिवला होता टोपीच्या मापाचा. त्याच ४३ च्या जूनमध्ये तिकडं लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वंशाची पोरं ढगळ पॅन्ट आणि गुडघ्यापर्यंतचे कोट घालायची, झूट सूट म्हणायचे त्याला. युद्धामुळं कापडाची टंचाई, त्यात ही पोरं एवढं कापड उधळतात म्हणजे देशद्रोहीच, असं म्हणून खलाशी आणि शिपाई टोळीनं फिरले, पोरांना रस्त्यात, थेटरात गाठून मारलं, अंगावरचे कपडे ओढून काढले. आणि पोलिसांनी धरून नेली ती बहुतेक मार खाल्लेलीच पोरं. जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी कुणी टोपीवरून आणि कुणी पॅन्टीच्या घोळावरून ओळखलं जात होतं. आजोबांची टोपी चार वर्षांत मानाची झाली, नंतर पुढाऱ्यांची झाली, नंतर टोपी घालणे म्हणजे फसवणे झालं, आणि आता लग्नात पाहुण्यांना वाटतात. टोपी तीच.

परवा पोवई नाक्यावर एका पोराच्या पायात ढगळ जीन्सखाली कोल्हापुरी पायताण बघितलं, करकर वाजत होतं, फार छान दिसत होतं. आम्ही कॉलेजात कोल्हापुरी घालून गेलो की गावठी. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सातारा आणि सांगली पण आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला आणल्या, आधी नाव न घेता, मग आरडाओरडा झाल्यावर प्रेरणा भारताची म्हणून कबूल केलं. ज्यांच्या हातांनी ते कातडं कमावलं, वळवलं, त्यांना गावात कुठं बसवायचे हे आपल्याला ठाऊक आहे. पायताण मिलानला पोचलं.

त्या शनिवारनंतर मी तीन-चारदा त्या दुकानावरून गेलो. एकदा आत जाऊन विचारलं पण, तो पोरगा परत आला होता का. सेल्समन म्हणाला, "कुठला, सर? कसा होता?" मी सांगायला लागलो, काळा टी-शर्ट, कार्गो, केसाला तांबडा कलर. तो म्हणाला, सर, तसले दिवसाला पन्नास येतात. आणि मला तिथं उभ्या उभ्या कळलं की मला त्याचा चेहरा आठवतच नाही. डोळे कसे होते, नाक कसं होतं, काही नाही. त्याच्या खिशातली एकेक वस्तू आठवते, स्लीपरचा निळा अंगठा आठवतो, चेहरा नाही. समोर येऊन उभा राहिला, कपडे बदलून आला, तर मी ओळखणार नाही. स्टँडवर, नाक्यावर, कासच्या रस्त्याला जाताना, मी कार्गो शोधत बसतो. साय रंगाचा शर्ट रॅकवर नव्हता, कुणीतरी घेतला असेल.

काल रात्री पोराच्या कार्गोचा उजव्या मांडीवरचा खिसा उसवला, सारखा मोबाईल ठेवून ठेवून. पोरगा म्हणाला, जाऊ दे, नवी घेऊ. आण्णांनी ऐकलं. ७६ वय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तरी मशीन त्यांनी हॉलच्या खिडकीशी ठेवलीय, विकू देत नाहीत. त्यांनी पॅन्ट मागवून घेतली, चष्मा वर सरकवला, उजेडात धरून बघितली. "दोन टाके जास्त घातले असते तर काय झालं असतं त्येंचं," म्हणाले, आणि चिकटपट्टी उचकटली.

चर्रर्र.

मी पेपर खाली ठेवला. आण्णांनी आत बोट घालून खिसा उलटा केला, पांढरं अस्तर बाहेर आलं, कोपऱ्यात अडकलेला गोळा झालेला धागा आणि चॉकलेटच्या चांदीचा तुकडा खाली पडला. पोरगा शेजारी उभा राहून बघत होता. आण्णांचा हात हल्ली थोडा कापतो, कापड सरकत होतं.

"हिकडं ये," आण्णा मला म्हणाले, "धर जरा ताणून."

मी धरलं.